पैन् पैचा हिशेब: कोबोल

जुन्नर तालुक्यात हिशेबाच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. तिथे उत्तरासोबत चूक किती संभवते हेही सांगितले की शास्त्रज्ञाचे काम भागते. पूर्वेला कल्याण-नगर रस्त्यावरच्या बेल्ह्यात सोमवारी बैलबाजार भरतो. तिथे ठरलेली रक्कम म्हणजे ठरलेलीच रक्कम; पावतीवर ‘सुमारे’ लिहून चालत नाही.

संगणकातही या दोन हिशेबांसाठी दोन वेगळ्या भाषा घडल्या. शास्त्रज्ञांसाठी आयबीएमने १९५७ साली फोरट्रान आणली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञांची एआयपीएस ही प्रणाली मुख्यतः तिच्यातच लिहिलेली आहे. बँक, विमा आणि पगारपत्रकाच्या वाट्याला आली कोबोल. माझ्या मते दोघींपैकी जास्त लोकांच्या आयुष्याला हात लागला तो कोबोलचा, आणि कमी मान मिळाला तोही तिलाच.

सुरुवात बरोज कंपनीतल्या मेरी हॉज यांनी केली. प्रत्येक यंत्राची बोली निराळी. यंत्र बदलले की सगळी आज्ञावली पुन्हा लिहायची. सर्वांना चालेल अशी एक भाषा करा, हा त्यांचा आग्रह १९५९ च्या वसंतात मान्य झाला आणि मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक बसून समिती नेमली गेली. इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची वाट ग्रेस हॉपर यांनी फ्लो-मॅटिक भाषेत आधीच पाडली होती. जीन सॅमेट आणि इतर पाच जणांनी काही महिन्यांत आराखडा केला. काम रेंगाळतेय म्हणून वैतागलेल्या, त्या सहांपैकीच एक असलेल्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी तर कोबोलच्या नावाची संगमरवरी थडग्याची शिळाच विकत घेऊन समितीच्या प्रमुखांना पाठवली! डिसेंबर १९६० मध्ये एकच आज्ञावली, किरकोळ बदल करून, आरसीए आणि युनिव्हॅक या दोन भिन्न यंत्रांवर चालली.

या भाषेची खरी हुशारी तिच्या मांडणीत आहे. आज्ञावलीचे चार विभाग: ओळख, यंत्राचा परिसर, माहितीचे वर्णन आणि शेवटी कृती. म्हणजे काय करायचे हे सांगण्याआधी कशावर करायचे ते नीट लिहून द्यायचे. बेल्ह्याच्या बाजारातली पावती कोबोलात मांडायची म्हटली, तर ०१ या पातळीवर ‘पावती’ येईल आणि तिच्या पोटात ०५ या पातळीवर विकणारा, घेणारा, बैलाचा रंग, दात, किंमत. किंमतीपुढे रुपयांची किती घरे आणि पैशांची किती, हेही तिथेच ठरते. आणि ८८ ही पातळी तर मला फार आवडते. दातांच्या रकान्यात ० असेल तर ‘आदत’, २ असेल तर ‘दोनदाती’, ८ असेल तर ‘जुळलेला’ अशी नावे आकड्यांना देता येतात. पुढे आज्ञेत ‘बैल दोनदाती असेल तर’ एवढेच लिहायचे. धंद्यातल्या माणसाचा शब्द यंत्राने जसाच्या तसा स्वीकारावा, ही दृष्टी १९६० सालची आहे.

पैशाचे म्हणाल, तर द्विमान पद्धतीत दहा पैसे, म्हणजे रुपयाचा एक दशांश, नेमका लिहिताच येत नाही. जसे आपल्या दशमानात एक तृतीयांश लिहिताना ३ संपत नाहीत. लाखो खात्यांच्या व्याजात अशी बारीक घसर साठत जाते. कोबोलने दशमान अंक दशमानातच ठेवायची सोय केली. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर एका बाइटमध्ये दोन अंक बसवून. बँकांनी तिला सोडले नाही याचे मोठे कारण हेच.

महाराष्ट्रात या भाषेने एक नवा धंदाच उभा केला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि एफ. सी. कोहली यांच्या हाताखाली वाढली. तिच्या पहिल्यावहिल्या परदेशी कामांतले एक होते रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलातून लहान यंत्रांच्या कोबोलात नेण्याचे. बरोजचे यंत्र अजून हाती नव्हते, म्हणून मुंबईतल्या आयसीएल १९०३ यंत्रावर हे रूपांतर करणारे साधन घडवले गेले. बरोजचा संगणक १९७४ मध्ये आला. पुढे अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात अशा कामांवर एक आख्खी पिढी तयार झाली.

ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डावर जागा महाग, म्हणून साल दोनच अंकांत लिहायची सवय पडली होती. १९९९ संपताना ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळणार नव्हते. तेव्हा जगभरच्या जुन्या कोबोल आज्ञावल्या ओळ न् ओळ तपासायला मुंबई-पुण्यातली मुले बसली. ‘देखभालीचे काम’ म्हणून त्याची हेटाळणी झाली. मला ती मान्य नाही. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेले समजून घेऊन, चालू बँक न थांबवता दुरुस्त करणे हे नवे लिहिण्याहून अवघड असते.

डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७५ साली कोबोल शिकवणे हा गुन्हाच ठरवावा असे म्हटले होते. तिचा पाल्हाळ आणि जुन्या आज्ञावल्यांतला गुंता पाहता रागाला कारण होते. पण एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांनी यंत्रणा कोलमडू लागल्यावर न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारी माणसे जाहीरपणे मागावी लागली. भाषेचे नवे मानक २०२३ सालीही निघाले आहे. जुन्या आज्ञावल्या जावा या दुसऱ्या भाषेत उतरवण्याचे प्रकल्प ठिकठिकाणी चालतात. अडचण भाषेची नसते. अमुक सूट अमुक खात्याला का, हा नियम कागदावर कुठेच नसतो, फक्त त्या जुन्या ओळींत असतो.

सत्तरच्या दशकात मुंबईत या ओळी लिहिणारी मंडळी आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोणती यंत्रे होती, रात्रपाळीत काय बिघडे, कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला तर काय करत, हे त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्यायला हवे, आणि ते याच काही वर्षांत.