झोपेत दात खाणे आणि नाईट गार्ड

झोपेत कुणी कराकरा दात खाऊ लागले, की आपल्याकडे अजूनही कुणी पोटात जंत आहेत म्हणतात, कुणी नजर लागली म्हणून मीठ-मिरची ओवाळून टाकतात. ऐकीव गोष्ट तपासून मगच स्वीकारा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो आपण इथेही लावू या.

दात खाणे म्हणजे झोपेत जबड्याचे स्नायू नकळत आवळले जाणे. मनावरचा ताण, तंबाखू, दारू, रात्रीचा कडक चहा आणि काही औषधे यांनी ते वाढते. सकाळी जबडा व कानशिले दुखतात, गार पाणी दातांना झोंबते. दातावरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा झिजले की पुन्हा येत नाही.

म्हणून दंतवैद्य नाईट गार्ड देतात. दातांचे माप घेऊन बनवलेले हे ॲक्रिलिकचे आवरण झोपताना दातांवर बसवायचे. त्याने सवय मोडत नाही. पण घर्षण गार्डवर होते आणि दात वाचतात. सकाळी ते थंड पाण्यात मऊ ब्रशने धुवावे, गरम पाण्याने ते वाकते. लहान मुलांची सवय बहुधा आपोआप जाते; त्यांचा जबडा वाढत असल्याने गार्ड सहसा देत नाहीत.

रेणापूरकरांना लातूरचे दंत महाविद्यालय जवळ आहे. तिथे दात दाखवावेत. जोरात घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.