धाराशिवच्या आभाळावरचं झाकण

मार्च २०१४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, काढणीला आलेली ज्वारी गारांनी झोडपली गेली. पुढच्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला, मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये काढून ठेवलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परंडा तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढली गेली. ही यादी वाचून ‘निसर्ग लहरी झालाय’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असा आपला रिवाज. पण या घटनांचा माग काढायचा तर बाष्प किती आलं, यापेक्षा वरच्या हवेनं ते चढू दिलं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

वर चढणारी हवा ढग बनेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागलं की सुटलेली उष्णता तिला आधार देते आणि हा वेग खालच्या थरांत पाच-सहा अंशांवर येतो. भोवतालची हवा त्याहून झपाट्यानं थंड होत गेली असेल, तर ढग भोवतालापेक्षा उबदार, म्हणून हलका राहतो आणि चढतच जातो. ही अस्थिर हवा. मध्येच उबदार, कोरडा थर आडवा आला तर ढग तिथंच अडतो, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. धाराशिव ज्यावर वसलंय त्या बालाघाटच्या पठारावर पावसाळ्यात हे झाकण वारंवार पडतं. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर पाणी सांडून पुढं उतरतात, आणि उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. म्हणून जुलैत दिवसभर आभाळ भरलेलं, वारा सुटलेला, आणि हाती भुरभुरीपलीकडं काही नाही. वाऱ्यानं ढग पळवले, असं आपण म्हणतो. वाऱ्याला उगाच दोष. बहुतेक वेळा ढगाची उंचीच कमी पडलेली असते.

यावर कुणी म्हणेल, २०१५ चा दुष्काळ अल निन्योचा होता, झाकणाची गोष्ट कशाला? अल निन्यो होताच, आणि जबरदस्त होता. पण प्रशांत महासागरातलं गरम पाणी आपल्या जिल्ह्यातल्या कळंबच्या शिवारात पाऊस थांबवतं ते कसं? वर चढणाऱ्या हवेचा पट्टा पूर्वेकडं सरकतो आणि भारतावर हवा खाली बसण्याची प्रवृत्ती वाढते. खाली बसणारी हवा तापते, कोरडी होते, स्थिर होते. तेव्हा अल निन्यो हे दूरचं कारण, आणि स्थिरता ही त्या कारणाची इथं पोचण्याची वाट.

गारपीट याच्या उलट टोकाची, तरी नातं तिथंच आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत उत्तरेकडच्या पश्चिमी विक्षोभांचा प्रभाव दक्षिणेत खोलवर आला. वर थंड हवा, खाली समुद्रावरून आलेला ओलावा आणि तापू लागलेली जमीन, असा तो मेळ होता. मधला कोरडा थर अशा वेळी दुहेरी वागतो. दुपारपर्यंत तो ढग दाबून धरतो, त्यामुळं ऊब आणि दमटपणा खाली साठत राहतो. एकदा तो फुटला की साठलेलं सगळं एकदम वर जातं. वळवाच्या पावसातही हेच दिसतं. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी एकच ढग उभाच्या उभा वाढतो, माथा सपाट पसरतो, आणि तासाभरात वीज, वावटळ, सडासड थेंब. एका शिवारात ओढा वाहतो आणि बांधापलीकडं धूळ उडते.

२०२० आणि २०२५ चं पाणी मात्र या हिशेबात जसंच्या तसं बसत नाही, हा आक्षेप मान्य करायला हवा. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाडाजवळ किनारा ओलांडलेली कमी दाबाची तीव्र प्रणाली तेलंगणातून आपल्याकडं सरकली. अशा प्रणालीत जमिनीच्या तापण्यावर फारसं अवलंबून नसतं. मोठ्या पट्ट्यातली हवा एकवटून वर ढकलली जाते आणि खालपासून वरपर्यंत ओली होते. झाकण फुटत नाही, ते उरतच नाही. म्हणून गारांऐवजी तासन्‌तास धार लागते.

कृत्रिम पावसाकडं पाहतानाही हेच ध्यानात ठेवावं. राज्यानं २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तो प्रयोग केला. नंतर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये शेजारच्या सोलापुरात विमानं आणि रडार घेऊन शिस्तीत चाचण्या घेतल्या; ढगांत मिठाचे कण सोडून केलेल्या बीजारोपणानं पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो योग्य वाढलेल्या ढगांपुरता. दुष्काळात नेमके तेच ढग दुर्मीळ असतात, आणि मिठाच्या कणांनी झाकण उघडत नाही. विमानाची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

झाकण कधी पडतं हे कळायला आधी वरची हवा मोजायला हवी. महसूल मंडळांतली ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात, पण सगळं जमिनीलगत. वरचे थर मोजणारे फुगे छत्रपती संभाजीनगर आणि हैदराबादेतून सुटतात, इथून दोन्ही दूर. निदान जून ते ऑक्टोबर तुळजापूर-धाराशिव पट्ट्यातून असा फुगा रोज सोडावा, ही मागणी जिल्ह्यानं कृत्रिम पावसाच्या आधी करावी.