तबकडींतला आवाज

रोह्याशेजारच्या वरसे गांवांतील एखाद्या घराचें जुनें कपाट उघडलें, तर त्यांत लग्नमुंजींच्या डीव्हीडी तबकड्या बहुधा सांपडतील. जीं वडील माणसें आज हयात नाहींत, त्यांचें बोलणें-हंसणें पुष्कळदां याच तबकड्यांत उरलेलें असतें. तबकडी बिघडली कीं तेंहि गेलें. म्हणूनच तो मजकूर घरच्या संगणकांत उतरवून ठेवणें ही नुसती सोय नव्हे.

विकत मिळणारी चित्रपटाची डीव्हीडी ठशानें उठविलेली असते. घरच्या समारंभाची डीव्हीडी मात्र लेसर किरणानें लिहिलेली असते. तिच्या पोटांत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि त्यावर उमटलेल्या खुणा हाच तिचा सारा मजकूर. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनीं हा थर हळूहळू बिघडतो. आणि कोंकणांत दमट हवेची वाण कधींच नसते. तबकडी चित्र दाखवितांना अडखळूं लागली, तर ती शेवटची सूचना समजावी.

नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोय बहुधा नसते. यूएसबीनें जोडावयाचें वाचकयंत्र निराळें घ्यावें लागतें. एका थराच्या तबकडींत ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. अर्थात् १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा सुमारें २०० तबकड्या बसतात. उतरविण्याचे मार्ग दोन. सबंध तबकडीची हुबेहूब प्रत म्हणजे आयएसओ फाइल. तींत अनुक्रमणिकेसह सर्व कांहीं जसेंच्या तसें राहतें. दुसऱ्या मार्गानें केवळ चित्र व ध्वनि एका एमकेव्ही फाइलींत घेतां येतात. मूळचें एमपेग-२ चित्र एच.२६४ पद्धतीनें आटविलें तर जागा पुष्कळ वांचते. पण आटवितांना गळलेला तपशील पुन्हां मिळत नाहीं. घरच्या समारंभाचें चित्र म्हणून न आटवितां ठेवावें. व्हीएलसी दोन्ही प्रकारच्या फाइली चालविते. कोडीसारखी योजना तर सारा संग्रह दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नीट मांडून दाखविते. उतरविलेली फाइल मात्र एकदां आरंभापासून अखेरपर्यंत पाहून घ्यावी.

विकतच्या चित्रपटांची गोष्ट निराळी. त्यांवर बहुधा सांकेतिक कुलूप असतें. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणें हा दंडनीय अपराध आहे.

एवढें झाल्यावर काम संपलें असें वाटतें. खरें तर तें अर्धेंच झालेलें असतें. हार्ड डिस्क हेंहि शेवटीं एक यंत्रच आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें रायगड जिल्ह्यांत छपरें उडविलीं, विजेचे खांब पाडले. अशा दिवशीं एकाच कपाटांतल्या एकाच डिस्कचा काय भरंवसा? मोठ्या संस्थांनाहि हें चुकलेलें नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जळाल्या. त्यांत 'प्रभात'च्या फितीहि होत्या. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेवढेच वांचले.

तेव्हां एक प्रत वरसे येथें असेल, तर दुसरी पुण्या-मुंबईच्या मुलाकडे किंवा लेकीकडे असावी, आणि मूळ तबकडीहि टाकूं नये. वर्षांतून एकदां, दिवाळीला सारीं जमतील तेव्हां, दोन्ही प्रती लावून पाहाव्यात. संग्रह तपासला जाईल, आणि गेलेल्या माणसांचा आवाजहि घरांत पुन्हां ऐकूं येईल.