तीनचाकीची शुश्रूषा

वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओने माझा डावा पाय अधू केला. उजवा पाय, कॅलिपर आणि थोडासा हट्ट यांच्या बळावर वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून मी इंदूरच्या रामबागेत दवाखाना थाटला. पन्नाशीनंतर मात्र उजवा पायही थकू लागला. पोलिओनंतर काही दशकांनी स्नायूंची शक्ती पुन्हा घटू शकते, हे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकांत वाचले आहे. स्वतःच्या बाबतीत ते निदान मान्य करायला मला दोन वर्षे लागली. रुग्ण आणि डॉक्टर एकच असल्यावर टाळाटाळीबद्दल रागवायचे कोणी?

अखेर २००४ साली पत्नीच्या आग्रहाखातर एक जुनी कायनेटिक होंडा विकत घेतली. आपल्या शेजारच्या पीथमपूरच्या कारखान्यात जन्मलेली, ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असलेली ही स्कूटर. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबले की सुरू होणारी. म्हणून पायाने अधू असलेल्यांची ती लाडकी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके जोडलेली होती. मोजली तर चाके चार भरत. परंतु लोक तिला तीनचाकीच म्हणत. कायद्यात अशा वाहनाचे नाव ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे होते. २०१९ च्या दुरुस्तीने तेथे ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल’ हा शब्द आला. त्या वेळी मात्र तो जुना शब्द वाचून मी कागद मुकाट्याने घडी करून ठेवले होते.

गाडी वर्षभर उभीच होती. बटण दाबले तर नुसती टकटक. मेकॅनिक उस्तादांनी आधी इतिहास विचारला, मग तपासणी केली. म्हणाले, “डॉक्टरसाब, गाडी बीमार नहीं है, पडी-पडी अकड गई है।” माझ्या पायाचेही वर्णन याहून नेमके कोणी केले नव्हते!

उपचार क्रमाने झाले. बॅटरी बदलली. टाकीतले शिळे पेट्रोल काढले. त्याच्या चिकट थराने बुजलेले कार्बोरेटरचे जेट धुऊन हवेने फुंकले. प्लगवरची काजळी घासली, सायलेन्सरमधला कार्बन काढला, तडे गेलेला पट्टा बदलला. इंजिन सुरू झाल्यावर उस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावली. तो त्यांचा स्टेथोस्कोप. तिसऱ्या दिवशी गाडी घरी आली आणि मला वाटले, रुग्ण बरा झाला.

येथेच माझी चूक झाली. पाच-सहा महिने मी पेट्रोल व तेल भरण्यापलीकडे काही केले नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री रुग्णाला पाहायला निघालो असता रस्त्यातल्या खड्ड्याने मला अडवले. बाजूची चाके खड्ड्याच्या दोन काठांवर टेकली आणि मधले चाक अधांतरी गरगरू लागले. इंजिनाची सारी शक्ती त्या एकाच चाकाला, आणि त्याचाच जमिनीशी संबंध तुटलेला! पावसात अर्धा तास बसून राहिलो. वाटसरूंनी ढकलले तेव्हा सुटका झाली. रुग्ण सुदैवाने स्थिर होता. पण तो तसा नसता तर, हा विचार रात्रभर छळत राहिला.

उस्तादांनी कारण समजावले. मधला टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि भार हळूहळू बाजूच्या चाकांवर जातो. मग मधल्या चाकाची पकड सुटते, ब्रेकही नीट लागत नाही. त्यांनी टायर बदलला, बाजूची चाके किंचित वर घेतली, झिजलेले बुश नवे घातले. वळणावर ही गाडी दुचाकीसारखी झुकत नाही. म्हणून वळणाआधीच वेग कमी करा, अशी ताकीदही दिली. तेव्हापासून दर रविवारी हवा, तेल, बाजूच्या चाकांचे नट आणि टायरची झीज पाहणे हा माझा नेम झाला. ती गाडी मला नऊ वर्षे पुरली.

याच सुमारास एक वृद्ध सुतार वारंवार पडतात म्हणून दवाखान्यात आले. मी रक्तदाब, दृष्टी, सांधे सारे तपासले. जाताना सहज त्यांची काठी उलटी करून पाहिली. टोकाचे रबर पूर्ण झिजले होते, आतला पत्रा फरशीवर घसरत होता. तीच काठी काही वर्षांपूर्वी मीच सुचवली होती आणि त्यानंतर तिची एकदाही चौकशी केली नव्हती.

२७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला, याचा अभिमान आपणा सर्वांना आहे. परंतु आधीच्या पिढ्यांतले आम्ही अजून कॅलिपर, कुबड्या आणि तीनचाक्या घेऊन वावरत आहोत. बंधु-भगिनींनो, औषध वेळेवर घेता का, हे आपण प्रत्येकाला विचारतो. त्याच दमात काठीचे रबर, कॅलिपरचा पट्टा, गाडीचा टायरही विचारावा. साधन लिहून देणे हा उपचाराचा आरंभ आहे; त्याची निगा हा उरलेला उपचार.