बुद्धिमत्ता फक्त माणसासारखीच असते का? कर्नाळ्याच्या भृंगराजापासून चॅटबॉटपर्यंत, सोप्या भाषेत

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागतं. तिथे दिसणारा भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब पिसं असलेला काळा पक्षी, इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ही नक्कल निव्वळ पोपटपंची नसते. श्रीलंकेतल्या जंगलात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, धोका जाणवला की भृंगराज इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका वापरतो.

मग भृंगराजाला बुद्धिमान म्हणायचं का? आणि तुमच्या मोबाइलमधल्या चॅटबॉटला?

हा अभ्यास नेमका कशाचा?

बुद्धिमान वागण्याचे कोणकोणते प्रकार शक्य आहेत, ते कसे चालतात आणि कुठे अडतात, याचा हा अभ्यास आहे. त्यात माणूस, प्राणी आणि यंत्रं हे सगळेच येतात. ब्रिटनमधले तत्त्वज्ञ आरन स्लोमन यांनी १९८४ मध्ये मांडलं की, 'मन असलेले' आणि 'मन नसलेले' अशी एकच रेघ ओढून भागणार नाही. शक्य असलेल्या मनांचा जणू एक मोठा नकाशाच आहे आणि माणूस त्यातलं फक्त एक ठिकाण.

मेंदूशिवायही?

२०१० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी टोकियो परिसरातल्या शहरांच्या जागी ओट्सचे दाणे ठेवले आणि मध्ये एक बुरशीसारखा दिसणारा एकपेशीय जीव सोडला. मेंदू नसलेल्या या जीवाने दाण्यांना जोडणारं जे जाळं विणलं, ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या तोडीचं होतं. पण त्याला रेल्वे म्हणजे काय हे कळलं, असं कुणी म्हणणार नाही.

तुमच्याशी याचा काय संबंध?

चॅटबॉट प्रचंड मजकुरावरून शिकतो आणि पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत उत्तर तयार करतो. त्यामुळे चुकीची माहितीही तो तितक्याच सफाईने सांगू शकतो. त्याने अर्ज छान लिहून दिला, म्हणून त्याने सांगितलेला औषधाचा डोसही बरोबरच असेल, असं नाही. ते डॉक्टरांनाच विचारायला हवं.

म्हणूनच 'एआय हुशार आहे का?' या प्रश्नापेक्षा तीन प्रश्न जास्त उपयोगी आहेत: कोणत्या कामात? कशाच्या जोरावर? आणि चुकलं तर कळणार कसं?