हजेरी भरली, पण भिंत किती झाली?

साइटवर आता कशाकशाची नोंद होते बघा! चेहरा ओळखणाऱ्या मशीनवर हजेरी, मोबाइल अ‍ॅपवर रोजचा रिपोर्ट, पोकलेनवर जीपीएस आणि वरून ड्रोनचे फोटो. एवढं असूनही "आजची उत्पादकता किती?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "साहेब, ६० माणसं होती." ही झाली हजेरी, उत्पादकता नव्हे.

उत्पादकता म्हणजे झालेलं काम आणि त्यासाठी लागलेले मनुष्य-तास यांचं प्रमाण. एक सोपं गणित करू. समजा, वीटकामावर २ गवंडी आणि ३ बिगारी आहेत. ८ तासांचे झाले ४० मनुष्य-तास. सोमवारी २.५ घनमीटर बांधकाम झालं, म्हणजे दर घनमीटरला १६ मनुष्य-तास. मंगळवारी झालं फक्त २ घनमीटर, म्हणजे २० मनुष्य-तास. अ‍ॅपवर आकडा लाल! साहेब मुकादमावर उखडणार, हे ओघाने आलंच.

पण मंगळवारी वाळूची गाडी उशिरा आली आणि टोळी २ तास बसून होती, असं धरा. ते १० मनुष्य-तास वजा केले तर उरले ३०, म्हणजे दर घनमीटरला १५. माल हातात असताना टोळीने सोमवारपेक्षा वेगाने काम केलं! चूक नियोजनाची, बोलणी मात्र गवंड्याला.

म्हणूनच मला वाटतं, अ‍ॅप कोणतंही असो, चार रकाने हवेतच : मोजलेलं काम, मनुष्य-तास, वाया गेलेले तास आणि त्याचं कारण. कारणांची यादी आधीच ठरवावी. माल नाही, ड्रॉइंग नाही, परांची तयार नाही, यंत्र बंद, पाऊस वगैरे. महागडं सॉफ्टवेअर नसेल तर एक्सेलही चालेल. महिनाअखेरीस पिव्होट टेबल केलं की कुठल्या कारणाने किती तास गेले ते लगेच कळतं. तुलनेसाठी आयएस ७२७२ या भारतीय मानकात निरनिराळ्या कामांना किती मजूर लागतात याचे आकडे आहेत.

हा विचार काही नवा नाही. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी वीटकामातली एकेक हालचाल तपासली. भिंतीबरोबर वर सरकणारी परांची केली, विटा हाताशी रचून दिल्या. एका विटेमागच्या १८ हालचाली ५ वर आल्या आणि गवंड्याच्या तासाला १२० ऐवजी ३५० विटा होऊ लागल्या, असं टेलर यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. गवंड्याला वाकावं लागू नये, एवढी सोय केल्याचा हा परिणाम!

उद्या साइटवर टॅब आपल्याच हातात असणार आहे. आकडा लाल दिसला की मुकादमाला आधी एवढंच विचारा, "काम कुठे अडलं?" आणि त्याचं उत्तर त्याच दिवशी नोंदवा.