विश्लेषण : इंजिनीअरिंगसोबत ‘बायोमेडिकल’ मायनर... चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना काय उपयोग?

मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शाखेत शिकतानाच दुसऱ्या एखाद्या विषयाचा ‘मायनर’ घेण्याची सोय आता अभियांत्रिकीत आहे. वैद्यकीय उपकरणांचे तंत्रज्ञान, म्हणजेच बायोमेडिकल इंजिनीअरिंग, हा त्यातलाच एक विषय. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जवळच्या आरोग्य केंद्रातले यंत्र बंद पडले, तर तेवढे अंतर रुग्णाला कापावे लागू शकते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत या विषयाला वेगळेच महत्त्व येते.

मायनर म्हणजे नेमके काय?

अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी साधारण १६० क्रेडिटची असते. मूळ शाखेव्यतिरिक्त दुसऱ्या विषयाचे १८ ते २० क्रेडिट जादा पूर्ण केल्यास पदवीसोबत मायनर मिळू शकतो, अशी तरतूद ‘एआयसीटीई’च्या आराखड्यात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या नव्या रचनेत पदवीच्या चौकटीतच १४ क्रेडिटचा ‘मल्टिडिसिप्लिनरी मायनर’ ठेवला आहे. कोणते विषय द्यायचे, हे मात्र विद्यापीठ किंवा महाविद्यालय ठरवते.

त्यात काय शिकवतात?

सुरुवात शरीररचना आणि शरीरक्रियेच्या ओळखीपासून होते. पुढे सेन्सर, शरीरातून मिळणारे विद्युत संकेत, एक्स-रे व सोनोग्राफीसारखे इमेजिंग, शरीरात बसवता येणारे पदार्थ आणि उपकरणांची सुरक्षितता हे विषय येतात. मूळ शाखेचे ज्ञान इथे कामी येते. ईसीजीचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटातून तो वेगळा काढणे हे इलेक्ट्रॉनिक्सचे काम. कृत्रिम पाय किंवा नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर हा मेकॅनिकलचा प्रांत, तर एक्स-रेतील डाग ओळखणारी प्रणाली कॉम्प्युटरवाल्यांचा.

गडचिरोलीचे उदाहरण कोणते?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका मानला जातो. पण मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंनी ते ओळखायचे कसे? त्यासाठी ‘ब्रेथ काउंटर’ तयार झाला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची रांग असते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी वेगळ्या रंगाचा शेवटचा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. याला वीज, बॅटरी, सुटे भाग काहीच लागत नाही. गावपातळीवरील उपचारांमुळे न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरण कोण वापरणार आणि कुठे वापरणार, हे आधी पाहायचे, हा बायोमेडिकलचा पहिला धडा गडचिरोलीत असा गिरवला गेला.

आज प्रश्न कुठे अडतो?

केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यासाठी झालेल्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. या कार्यक्रमात उपकरणे सुरू राहण्याचे उद्दिष्ट जिल्हा रुग्णालयांसाठी ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० टक्के, तर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के आहे. म्हणजे प्राथमिक केंद्रातले यंत्र वर्षातले ७३ दिवस बंद राहिले, तरी कागदावर उद्दिष्ट पूर्ण. जिथे दुसरा पर्याय सर्वांत दूर, तिथेच सूट सर्वाधिक.

सिकलसेलचेही तसेच. या पट्ट्यात आढळणाऱ्या या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी गावात होते, पण पक्क्या निदानासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते. ही यंत्रे चालवायला स्थिर वीज, रसायने आणि जाणकार हात हवेत.

नोकरी मिळेल का?

चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालये वाढतील तशी उपकरणेही वाढतील. मात्र मायनर म्हणजे बायोमेडिकलची पदवी नव्हे. जाहिरातीत ‘बायोमेडिकल पदवी’ अशीच अट असेल, तर मायनरवर भागेलच असे नाही. उपकरणांची दुरुस्ती-देखभाल, निर्मिती, चाचणी आणि सॉफ्टवेअर या क्षेत्रांत मूळ शाखा अधिक मायनर ही जोडी उपयोगी पडते. पुढे शिकायचे असल्यास ‘गेट’मध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. उपकरणे घडवण्यात रस असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेले ‘बेटिक’ केंद्र आहे आणि त्याच्या जाळ्यात नागपूरचे ‘व्हीएनआयटी’ही आहे.

निवडण्याआधी काय विचारावे?

आपल्या महाविद्यालयात हा मायनर आहे का, गुणपत्रिकेवर त्याची नोंद कशी होते, प्रयोगशाळा आहे की फक्त वर्गातले शिक्षण, आणि एखाद्या रुग्णालयात इंटर्नशिप मिळते का, हे आधी विचारावे. मायनर नसेल, तर ‘स्वयम’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे क्रेडिट विद्यापीठ मान्य करते का, ते पाहावे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जायची गरज नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणते यंत्र बंद आहे आणि का, एवढे परवानगी घेऊन विचारले, तरी पुरेसे आहे.